पिवळ्या खुर्च्यांचा रस्ता

३ फेब्रुवारी, सोमवार

रस्ता बंद! सकाळी शटर वर केलं तर दुकानासमोर लाल-पांढरी पिंपं ओळीने उभी. गाडी एक नाही. आणि पिंपांच्या मधोमध डोक्यावर हेल्मेट, हातात नकाशा घेऊन कोण उभं? आमची सूनबाई! नगरपालिकेत रस्त्यांची इंजिनिअर आहे. सगळ्या शहराचे रस्ते तिच्या हातात, पण सुरुवात कुठून केली? सासूच्या दारातून. आपलेच दात, आपलेच ओठ — बोलायचं कोणाला!

म्हणे चौकापासून थेट समुद्राच्या वाळूपर्यंत गाड्या येणार नाहीत. माणसं चालतील, बसतील, दुकानांत शिरतील आणि मेलेला बाजार उठून बसेल. बाजार आजारी आहे, हे मलाही मान्य. निम्मी दुकानं बंद पडली, उरलेल्यांच्या पाट्या खाऱ्या वाऱ्याने गंजल्या. पण आजाऱ्याला वाचवायला कोणी त्याचं नाक दाबतं का? माझं गिऱ्हाईक गाडीतून येतं. इंजिन चालू ठेवून दारातूनच ओरडतं — "मावशी, सात नंबरचा काळा बूट आहे का? पटकन!" आमचे हे गेल्यावर चपलांचं दुकान मी एकटीने चालवलं ते असल्याच घाईच्या गिऱ्हाइकांवर.

बरं, प्रयोग तीन महिन्यांचाच आहे. व्यापारी संघाची अध्यक्ष मी! भर सभेत नगरपालिकेकडून कबूल करून घेतलंय — दहा मेला सगळं उचलायचं. संघाच्या अध्यक्षांनी स्वतः 'राहू द्या' म्हटलं, तरच राहील. काय टाळ्या पडल्या! सूनबाई समोरच बसली होती. मान खाली घालून तिने अट लिहून घेतली.

४ फेब्रुवारी

घरात हा विषय काढायचा नाही असं ठरलंय. अळीमिळी गुपचिळी. जेवताना मी, सूनबाई आणि आमचे चिरंजीव तिघंही भाजीचं कौतुक करत बसलो. इतकी काही चांगली झाली नव्हती.

१० फेब्रुवारी, सोमवार

खुर्च्या आल्या. लोखंडी, हलक्या, पिवळ्याधमक. ना साखळी, ना खिळा! नुसत्या रस्त्यावर मांडून ठेवल्या, मध्ये मोठाल्या कुंड्यांत झाडं. डांबर धुऊन फिकट निळं रंगवलंय. रस्ता आहे की बाळाची खोली?

समोरच्या सलूनवाल्याला म्हटलं, "आठवड्यात सगळ्या भंगारात दिसतील." तो म्हणाला, "अध्यक्षबाई, तुमच्या तोंडात साखर पडो!"

१३ फेब्रुवारी

दिवसभरात एक गिऱ्हाईक. तेही बुटाच्या नाड्या मागायला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दोन खुर्च्या गायब! सुंठीवाचून खोकला गेला. दुपारी जेवताना मी सहज म्हटलं, "कुणाच्या तरी गच्चीत छान दिसत असतील." चिरंजीवांना ठसका लागला. सूनबाईने त्याच्यापुढे पाणी सरकवलं आणि मला आणखी भात हवा का विचारलं. हिला राग येत नाही का? मला ते शांत राहणंच खुपतं.

संध्याकाळी बघते तर एक म्हातारं जोडपं वाळूवरून वर येतंय, दोघांच्या हातात एकेक खुर्ची! लाटांजवळ बसायला नेल्या होत्या म्हणे. जागेवर ठेवल्या, आणि वर बाईंनी रुमालाने पुसल्या. पुसल्या! या शहरातल्या लोकांना धड चोरीसुद्धा करता येत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज एक गंमत झाली. एक बाई आल्या, पाय सुजलेले, चेहरा त्रासलेला. कुठलाच बूट पसंत पडेना. दुकानातल्या चटईवर दोन पावलं टाकून कोणाला काय कळणार? मी म्हटलं, "बाहेर फिरून बघा ना, रस्ता रिकामाच आहे." गाड्या होत्या तेव्हा असं म्हणायची सोय नव्हती. त्या गेल्या. गेल्या त्या गेल्याच! मी दारात उभी राहून मनातल्या मनात सूनबाईच्या नावाने खडे फोडले — नवाकोरा जोड गेला.

बऱ्याच वेळाने परत आल्या. पार समुद्रापर्यंत जाऊन आल्या होत्या, बुटांत वाळू. म्हणाल्या, "पाय दुखत नाहीत हो! कितीतरी दिवसांनी चालले." एक जोड घातला, दुसरा बांधून घेतला. वाळूचे बूट मी परत घेणारच नव्हते, पण तसं म्हणायची वेळच आली नाही.

२ मार्च, रविवार

सूनबाईने सगळ्या खुर्च्या समुद्राकडे तोंड करून मांडल्यात. लोक येतात, खुर्ची उचलतात आणि फिरवतात — समुद्राकडे पाठ, रस्त्याकडे तोंड! त्यांना बघायची असतात माणसं. कोण कोणाबरोबर आलंय, कोणाचं पोर किती वाढलंय. आणि रस्त्याकडे तोंड केलं की समोर काय दिसतं? माझी काच! मी आज काच पुसली, दोनदा. बाहेर एक फळी मांडली, तिच्यावर फक्त उजव्या पायाचे बूट. एकट्या उजव्याला कोण चोरणार?

९ मार्च

विक्री बरी झाली. बरी कसली, चांगली झाली. इथे लिहिते, बोलणार कोणाशी नाही.

१८ मार्च, मंगळवार

सलूनवाला फुटला! त्याने दाढीची एक खुर्ची बाहेर मांडलीय, वर कापडाची सावली. लोक तोंडाला फेस लावून रस्त्यावर गप्पा मारतायत. बेकरीवाल्याने चार टेबलं टाकली. सकाळी पावाचा वास सुटला की माझं गिऱ्हाईक बूट अर्धवट घालून तिकडे पळतं. परत येतं, तोंड पुसत.

सलूनवाला हळूच म्हणतो, "अध्यक्षबाई, राहू दे की हे. बरं वाटतंय."

मी म्हटलं, "अट म्हणजे अट."

का म्हटलं मी असं? मलाही बरं वाटतंय. संध्याकाळी शटर ओढायला हात होत नाही. आज एक मुलगी आजोबांना चालायला शिकवत होती — त्यांचं ऑपरेशन झालंय म्हणे — एका खुर्चीपासून दुसऱ्या खुर्चीपर्यंत. ते पोचले की सगळी खुर्च्यांवरची मंडळी टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या. मग सूनबाई बघत तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

६ एप्रिल, रविवार

आज सुट्टी असूनही सूनबाई खाली रस्त्यावर होती. उकिडवी बसून टेपने काहीतरी मोजत होती. मी काचेतून बघत होते. सवयच माझी, माणसाचं तोंड नंतर, आधी पाय. बुटाची टाच एका बाजूने पार झिजलेली. दिवसभर किती चालते ही? कडेने शिवणही उसवली आहे. चपलांच्या दुकानदारणीची सून, आणि पायात हे!

तिचा नंबर मला तोंडपाठ आहे. आत जाऊन चांगल्यातला तपकिरी जोड काढला आणि वर घराच्या दाराशी ठेवला. चिठ्ठी नाही, निरोप नाही.

७ एप्रिल

जोड घालून गेली. जाताना इतकंच म्हणाली, "आई, अगदी बरोबर बसले." मी म्हटलं, "हं."

२० एप्रिल, रविवार

सलूनवाला आणि बेकरीवाला दोघं मिळून आले. सगळ्या दुकानदारांचं एकमत झालंय म्हणे. "पण अध्यक्ष तुम्ही. तुम्ही म्हणाल तसं. तुम्ही फक्त 'राहू द्या' म्हणा."

मी म्हटलं, "बघू."

चिरंजीव स्वयंपाकघरात मागे लागले. "आई, सांगून टाक ना तिला."

"तिने विचारावं. मी नाही म्हणणार आहे का?"

"ती कशी विचारेल? सरकारी काम आहे. घरच्या माणसाकडून हो म्हणवून घेतलं, असं उद्या लोक बोलतील. तिने ठरवलंय, तुला एक शब्द विचारायचा नाही."

झालं! ती विचारू शकत नाही, मी आपणहून सांगू शकत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. भर सभेत टाळ्या घेतल्यात मी. आता त्याच लोकांसमोर 'माझं चुकलं' म्हणायचं? हसतील ना! आणि नाही म्हटलं तर दहा तारखेला खुर्च्या जाणार, गाड्या येणार. सुजलेल्या पायांच्या बाई, आजोबा, सलूनवाल्याचा फेस — सगळं माझ्या एका हट्टापायी जाणार. हे मला कळतंय. कळूनही तोंड उघडत नाही.

४ मे, रविवार

संघाची सभा झाली. मुद्दाम बोलवली होती. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी उभी राहिले, घसा साफ केला, आणि म्हणाले — "चहा घ्या."

मूर्ख बाई!

९ मे

उद्या उचलणार. आज गिऱ्हाइकांना धड बूटही दाखवता आले नाहीत. एका माणसाला दोन्ही डाव्या पायाचे बांधून दिले, त्याला अर्ध्या रस्त्यातून धावत गाठलं.

१० मे, शनिवार

आजचं लिहायलाच हवं!

ट्रक आला तो ऐन संध्याकाळी. शनिवार, रस्ता माणसांनी फुललेला, बसायला जागा नाही, तेव्हा आला. नगरपालिकेला अक्कल कधी आली आहे! बरं, सुरुवात कुठून करावी? माझ्याच दारातून. दोन माणसं उतरली. एका आजींना म्हणाली, "उठा, खुर्ची न्यायची आहे." आजी उठायला लागल्या. एक हात कुंडीवर, एक हात गुडघ्यावर.

मला काय झालं मला माहीत नाही. मी गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवत होते. तशीच उठले, हातात बूट चढवायची पट्टी, आणि बाहेर जाऊन शेजारच्या खुर्चीत धप्पकन बसले. "आजी, बसा खाली! कोण उठवतो बघतेच. ही खुर्ची न्यायची असेल तर माझ्यासकट उचला. आणि सांगून ठेवते, मी हलकी नाहीये!"

मागून माझं गिऱ्हाईक आलं, एका पायात बूट, एका पायात मोजा. तेही बसलं. सलूनवाल्याने वस्तरा ठेवला आणि बसला. त्याचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी बसलं. बेकरीवाला पिठाच्या हातांनी. बघता बघता एक खुर्ची मोकळी राहिली नाही. ज्यांना मिळाली नाही ते जमिनीवर बसले. ट्रकवाल्याने फोन लावला — "मॅडम, इथे सगळे बसून राहिलेत."

मॅडम आल्या. चालत. पायात तपकिरी बूट. माझ्यासमोर उभ्या राहिल्या, चेहरा असा की जणू मला ओळखतच नाहीत. "व्यापारी संघाची काही मागणी आहे का? अध्यक्षांनी सांगावं लागेल."

खुर्च्यांवरचे सगळे माझ्याकडे वळले.

"आहे!" मी म्हटलं. म्हटलं कसलं, ओरडले. "मागणी आहे! राहू द्या! खुर्च्या, झाडं, तो निळा रंग, सगळं राहू द्या! मी चुकले होते!"

काय आरडाओरडा झाला! कोणी हसलं नाही. म्हणजे हसले सगळेच, पण मला नाही. आजींनी माझा हात धरला तो सोडेचनात. सूनबाई म्हणाली, "ठीक आहे, नोंद घेते," आणि घाईने पाठ वळवली. तिचे खांदे हलत होते. रडत होती बिचारी. मलाही भरून आलं. रिकामा ट्रक मागे मागे जात चौकातून बाहेर पडला, त्याला लोकांनी हात हलवून निरोप दिला.

घरी तिने दोनदा भात घेतला. मी तिसऱ्यांदा वाढला.

११ मे

कंबर धरलीय. पण काय मजा आली!

१५ मे, गुरुवार

दुपारी ट्रकवाला दुकानात आला, पोरीला सँडल हवे होते. मी म्हटलं, "त्या दिवशी फार बोलले, मनावर घेऊ नका." तो म्हणाला, "छे हो मावशी! चूक आमची. असली उचलाउचल आम्ही नेहमी पहाटे करतो, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं तेव्हा. पण मॅडमनीच बजावलं होतं — शनिवारी संध्याकाळी जा, घाई करू नका, आणि सुरुवात चपलांच्या दुकानासमोरून करा."

म्हणजे खांदे हलत होते ते रडण्याने नव्हे!

शेरास सव्वाशेर. सँडलचे पैसे घेतले नाहीत. सूनबाई घरी आली तेव्हा भाजीचं कौतुक केलं, बाकी अवाक्षर काढलं नाही. तिला वाटू दे, सासू भोळी आहे. पुढे उपयोगी पडेल.