पूजेतले त्रेसष्ट फॉर्म

शनिवार, ६ ऑक्टोबर १९८४, पिस्कॅटवे

माझ्यामुळे त्रेसष्ट मुलांना या निवडणुकीत मत देता येणार नाही. सगळी अठरा-एकोणीसची. पहिलंच मत.

इथे अमेरिकेत आमचा दसरा सुट्टी बघून येतो, यंदा आज आला. लायब्ररीतलं काम संपवून मी घरी आले ती त्या मुलांचे मतदार नोंदणीचे फॉर्म उचलून कौंटी ऑफिसला धावायला. ऑफिस दुपारी एकपर्यंतच. पण फॉर्म ठेवलेला बुटांचा खोका टेबलावर नव्हता. आईने तो माझ्या पुस्तकांबरोबर पूजेत मांडला होता. सगळ्यात वर कॉलेजातल्या केव्हिनचा फॉर्म, त्यावर हळदकुंकू.

"आई, ते मला आत्ता न्यायचेत!"

"पूजेतलं उद्यापर्यंत हलवू नये, बाळा. घरातली पहिली पदवी तुझी, आणि तूच असं करणार?"

शेजारी बाबा हात जोडून उभे. मी म्हटलं, बरं, सोमवारी देईन.

चारला आमच्या नोंदणी गटातल्या लिंडाचा फोन. "दिलेस ना? सोमवारी सुट्टी आहे, आजच शेवटचा दिवस होता."

मला माहीत होतं! पोस्टरवर ती तारीख मीच रंगवली होती. मग आईला 'सोमवारी' म्हणताना डोक्यात कशी आली नाही? की आईशी भांडायचं नव्हतं म्हणून येऊ दिली नाही?

केव्हिनच्या मागे मी तीन दिवस लागले होते. "माझ्या एका मताने काय होणार?" म्हणायचा. होतं, असं मी त्याला शपथेवर सांगितलं. आता काय सांगू? मघाशी त्याच्या फॉर्मवरचं कुंकू पुसून पाहिलं. उलट आणखीच पसरलं.

आत्ताच आई विचारून गेली, "झालं ना गं तुझं काम?"

"झालं," म्हटलं.

तिने देवाला नमस्कार केला.