लोटसचं मराठी पुस्तक

१४ जुलै १९९८, पेठ
मंचरच्या कंप्युटर क्लासात दोन नवी मशिनं आली. सोबत लोटस हे ऑफिस-सॉफ्टवेअर फुकट मिळालं म्हणून क्लासचे मालक शेठ खूष. लिहायला वर्ड प्रो, तक्त्याला १-२-३, याद्यांना ॲप्रोच. स्क्रीनच्या माथ्यावर ड्रॉवर, क्लिक केलं की उघडतात. सविता डिंभ्याहून दोन एसट्या बदलून शिकायला येते. म्हणाली, "मॅडम, फडताळच हाय की ह्ये!"
पण मदतीचं सगळं इंग्रजीत. पोरी बिचकतात. आणि माझं इंग्रजी तरी कुठे धड...
मराठीत पुस्तक लिहायचं. ठरलं.

३ सप्टें.
तक्त्यातल्या 'सेल'ला काय म्हणू? घर? चौकट? अख्खा दिवस गेला. सविता: "वाफा म्हना की. कांद्याचं वाफं नसत्यात व्हय?" लिहून टाकलं. तेवढ्यात वीज गेली, सेव्ह केलं नव्हतं. वाफ्यासकट तीन पानं गेली. कपाळ माझं.

२२ जाने. १९९९
प्रकरण ४. वर्ड प्रोत एकाच फाइलला वहीसारखे टॅब लावता येतात, दर प्रकरणाला एक. फार आवडलं. याचं आधीचं नाव ॲमी प्रो, तेही लिहायचं. शेठ रोज विचारतात, "मॅडम, पुस्तक कधी?" यांना वाटतं भजी तळतेय.

९ मार्च २०००
सविता पुण्याला ऑपरेटरच्या मुलाखतीला गेली होती. दहा मिनिटांत परत पाठवली. "एक्सेल येतं का?" एवढंच विचारलं म्हणे.
"मॅडम, लोटस तिथं कुनी बघतबी न्हाई. आमाला ह्येच का शिकवलं?"
मशिनमध्ये जे आलं ते शिकले, तेच शिकवलं.

१८ ऑग. २००१
आता सरकारी नोकरीला कंप्युटरचं सर्टिफिकेट लागणार. कोर्स एक्सेलवाल्या ऑफिसचा. शेठ: "लोटस बंद. गिऱ्हाईक मागेल तेच दुकानात ठेवायचं."
शिकवायचं तर आधी मीच परीक्षा द्यायची. तीन वर्षं शिकवल्यावर! पुस्तकाची १९० पानं झालीत. कुणाला सांगू?

५ ऑक्टो.
एका मशिनवर नवं ऑफिस घातलं. सविता पुण्यात मावशीकडे राहून ते शिकून आली. शेठनी तिला नोकरीवर ठेवलं. मला शिकवायला!
आज बेरजेला सवयीने बोटांनी @SUM(A1..A9) मारलं, लोटसची रीत. नव्या ऑफिसच्या एक्सेलने घेतलं. पण गुपचूप @ च्या जागी = लावून, टिंबं बदलून स्वतःसारखं करून टाकलं. म्हणजे माझी भाषा त्याला कळते, फक्त राहू द्यायची नाही.
सविता: "बगा, चाललं की!" तिच्यावर उगाच खेकसले. चूक माझीच.

२ नोव्हें.
जुन्नरला परीक्षा दिली. शेजारी माझ्याच दोन विद्यार्थिनी. एकच पत्र अनेकांच्या नावे काढायचं होतं. लोटसमध्ये डोळे मिटून करते. इथे ती सोय कुठे दडवलीय ते सापडेना. घामाने माउस निसटत होता. निकाल महिन्याने.

१९ नोव्हें.
उरलेल्या मशिनवरचं लोटसही शेठना पुसायचंय. फ्लॉपीवर पुस्तक घेईन, पण उघडणार कशात? म्हणून एकेक प्रकरण नव्या ऑफिसच्या फाइलमध्ये बदलतेय. मजकूर येतो, तक्ते विस्कटतात. सविताने न सांगता दुसऱ्या मशिनपाशी खुर्ची ओढली. "तुमी वाचा, मी तक्तं लावते."
थोड्या वेळाने, "मॅडम, ह्ये आता वाचनार कोन?"
मी पुढचा तक्ता वाचायला घेतला.
चार वाजता शेठ दारात. "अजून किती?"
"पाच प्रकरणं."
लोटस पुसून घालायची नव्या ऑफिसची सीडी माझ्या टेबलावर ठेवून खाली गेले. सविताची गाडी साडेपाचला.
दहावं प्रकरण उघडलं.