सिलतऱ्याच्या सर्व्हरचा भोंगा

मंगळवार, संध्याकाळ. बूढ़ापारा ऑफिस.

साहेबांनी आज पुन्हा विचारलं, "सिलतऱ्याच्या कारखान्यातल्या सर्व्हरची सिस्टिम अपग्रेड करायले काहून थांबली? इथूनच करून टाक." सिस्टिम जुनी झाली, धोक्याची आहे, मलेही पटतं. पण भट्टीजवळ विषारी गॅस सुटला की भोंगा वाजवतो तो हाच सर्व्हर. इथून अपग्रेड करताना बंद पडला अन् पुन्हा उठलाच नाही तर?

म्हणून तिथल्या शिफ्टवरच्या साहू भैयांना फोन केला. तासभर भोंगा बंद राहिला तर गॅस कसा कळेल?

ते हसले. "बास आ जाएगी ना, दीदी!"

त्या गॅसला वासच नसतो. इतकी वर्षं भट्टीवर काढली, अन् कोणी सांगितलंच नाही यांना? मी सांगितलं. मग ते म्हणाले, "दीदी, सुबह की टेस्टिंग में भोंगा परसों से नहीं बजा."

म्हणजे तो आधीच बंद आहे! अन् मी अपग्रेडचा विचार करत बसली होती.

"सगळ्यांना आत्ता बाहेर काढा," मी ओरडलीच. "हव," म्हणाले.

तिकडे जायले गाडी बोलावली आहे. ती येईपर्यंत हे लिहून राहिली. साहू भैयांना चारदा फोन लावला. रिंग जाते, उचलत नाहीत.