मिरेयने गावे की गाऊ नये

मी, हॉर्तांस पुजोल, कै. आन्सेल्म पुजोल यांची पत्नी, जन्म १९४१, व्यवसाय ऑपेरा-गायिका, आता निवृत्त, राहणार नार्बॉन, हे मृत्युपत्र नोटरी मेत्र कास्तान्ये यांना दोन साक्षीदारांच्या देखत तोंडी सांगून लिहवून घेत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण गुडघ्यांची चौकशी कायदा करत नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. जावयाने आणून पाहिला होता, त्याचा समाचार पुढे घेतला आहे.

हे आजच का, तेही लिहावे. गेल्या गुरुवारी बाजारात, कालवांच्या गाड्यासमोर, मिरेय फाब्रेग चार बायकांना सांगत होती, "हॉर्तांसच्या अंत्यविधीत मीच गाणार. दुसरं आहे कोण?" मी तिच्या पाठीमागे उभी होते. जिवंत. हातात पालेभाजीची पिशवी घेऊन. तेव्हा या मृत्युपत्रातला खरा प्रश्न एकच आहे: माझ्या शवपेटीपाशी मिरेयने गावे की गाऊ नये. मेत्र कास्तान्ये म्हणतात, आधी मालमत्ता. बरे, आधी मालमत्ता.

कलम एक. घर, मागचे अंगण आणि बँकेतली शिल्लक. आमचा कायदा एकुलत्या लेकराला पूर्ण बेदखल करू देत नाही. त्यामुळे निम्मे माझी मुलगी क्लोतिल्द हिला आपोआप जाते, त्यात माझा काही मोठेपणा नाही. उरलेले निम्मेही मी तिलाच देते, ते मात्र मी देते म्हणून, हा फरक तिने लक्षात ठेवावा. अट एकच. मागच्या भिंतीलगतचा कार्नेशनचा वाफा कोणीही उकरायचा नाही. क्लोतिल्दचा नवरा रेजिस पोहण्याचे तलाव विकतो. मागच्या उन्हाळ्यात तो मोजपट्टी घेऊन अंगणात फिरत होता.

"सासूबाई, इथे तलाव काय मस्त बसेल!"

"आणि हा वाफा?"

"कसला वाफा? ही चार फुलं?"

मी त्याला मोजपट्टीसकट बाहेर काढला. वाफ्याला कुदळ लागली, तर माझे निम्मे भटक्या कुत्र्यांच्या आश्रमाला जावे. कुत्री निदान उपकार विसरत नाहीत.

कलम दोन. गुडघ्यापर्यंतचे बूट, लाकडी तलवार, खोट्या मिशांचा डबा आणि मखमली विजारी गावातल्या संगीतशाळेला द्याव्यात. मी मेझो-सोप्रानो, म्हणजे बायकांमधला मधला आवाज. वरच्या आवाजाची बाई प्रेमात पडते, वेडी होते, मरते आणि फुले घेते. मधल्या आवाजाची बाई तिची दाई होते, सवत होते, चेटकीण होते, नाहीतर पँट चढवून सोळा वर्षांचा पोरगा होते. पन्नाशी उलटली तरी मी सोळा वर्षांचा पोरगाच होते. संगीतशाळेतल्या मुलींना हे आधीच सांगितलेले बरे.

कलम तीन. सूर जुळवायचा माझा नादकाटा चर्चमधल्या ऑर्गनवादक थिबोला द्यावा. त्याला त्याची गरज आहे, हे त्याच्याखेरीज सगळ्या चर्चला माहीत आहे.

कलम चार. मिरेय फाब्रेग हिला माझ्या मालमत्तेतली टाचणीसुद्धा देऊ नये.

इथे मेत्र कास्तान्ये यांनी पेन खाली ठेवले. "मादाम, काही द्यायचंच नसेल तर तिचं नाव घालायची गरज नाही."

"मला आहे."

"कारण तर मुळीच लागत नाही."

"कारणासाठीच तर नाव घातलंय. लिहा."

कारण असे. १९७४ साली मी ज्या ऑपेरागृहात होते, त्याचे नाव मी माझ्या कागदावर येऊ देणार नाही. पुढच्या हंगामात तिथे एक असा ऑपेरा होणार होता, ज्यात एकदाची मधल्या आवाजाची बाईच नायिका असते. तीच प्रेमात पडते, तीच मरते, फुलेही तीच घेते. ती भूमिका माझी होती. संचालकांनी शब्द दिला होता, फक्त करारावर सही व्हायची होती.

आमच्या नाटकघरांतली जुनी रीत अशी, की हंगामाच्या शेवटच्या प्रयोगाला संचालक ज्या गायिकेला ठेवून घेणार तिला गुलाब पाठवतो, आणि जिला नारळ देणार तिला कार्नेशन. तोंडाने कोणी काही बोलत नाही. टेबलावर कार्नेशन दिसले की बाई सामान बांधते.

जूनमधला शेवटचा प्रयोग संपवून मी खोलीत आले, तर आरशापुढे लाल कार्नेशनचा गुच्छ. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मिशी तशीच ओठावर, बूट तसेच पायात, मी संचालकांच्या खोलीत घुसले, गुच्छ त्यांच्या तोंडावर फेकला आणि सगळ्या कोरसच्या देखत त्यांच्या कानांची, अकलेची आणि आईची चौकशी केली. ते आ वासून बघत राहिले. मला वाटले, शरमेने.

परत येताना शेजारच्या खोलीचे दार उघडे होते. आमची वरच्या आवाजाची गायिका मिरेय निळ्या झग्यात बसून तोंडाचा रंग पुसत होती. तिने आरशातूनच माझ्याकडे पाहिले.

"चाललीस?"

"चालले."

"बरं," ती म्हणाली, आणि दुसरा गाल पुसायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आन्सेल्म कॉफी ओतत होता. माझा नवरा द्राक्षमळेवाला. नाटकघरातले त्याला एवढेच माहीत, की मी तिथे गाते.

"फुलं मिळाली ना?" त्याने विचारले. "द्राक्षं भरायला ट्रक यायचा होता, म्हणून थांबलो नाही. दाराशी तुझी ती मैत्रीण भेटली, निळ्या झग्यातली. म्हणाली, द्या इकडे, मी पोचवते."

मी माझा कप पुढे केला.

"आईच्या वाफ्यातली होती. तुला गुलाब सगळेच देतात, म्हटलं आपण जरा वेगळं न्यावं. आवडली का?"

"आवडली," मी म्हणाले.

संचालकांनी माझा फोन घेतला नाही. ती भूमिका मला पुरेल इतकी खाली आणि मिरेयला पुरेल इतकी वर आहे. पुढच्या हंगामात ती मिरेयने केली.

"मादाम," मेत्र कास्तान्ये म्हणाले, "जूनमध्ये ट्रक कसला भरत होते? द्राक्षं तर सप्टेंबरात."

"मग दारूची पिंपं असतील. तुम्ही लिहा, तुम्ही काही आन्सेल्मचा हिशेब तपासायला आलेला नाही."

आन्सेल्मला मी हे कधीच कळू दिले नाही. दरवर्षी पहिली कार्नेशन उमलली की तो ती ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून मला आणून द्यायचा, आणि मी ती फुलदाणीत ठेवायचे. त्याच्यावर मी कधी रागावले नाही, माझा त्याच्यावर फार जीव होता. रागाचा पत्ता दुसरा होता.

त्या पत्त्यावर मी एकदा गेलेही. "फुलं त्याने दिली हे तुला माहीत होतं. का नाही बोललीस?"

"तू विचारलंस कुठे?" मिरेय म्हणाली.

पुढे दैवाने आणखी थट्टा केली. आमचे आवाज एकमेकींना असे काही जुळायचे, की दक्षिणेतल्या गावागावांतून आमच्या दोघींच्या एका युगुलगीताला मागणी येऊ लागली. ती डावीकडे, मी उजवीकडे, हातात हात. माझी नखे तिच्या तळव्यात रुतलेली असायची आणि ती तशीच हसत गायची. पेपरवाले लिहायचे, मिरेय फाब्रेग यांचा आवाज हवेत तरंगतो. खाली: सोबत हॉर्तांस पुजोल. तरंगतो म्हणे! खाली कोणी धरले होते, ते कोणाच्या कानाला कळले नाही.

कलम पाच, अंत्यविधी. मिरेयने गावे.

मेत्र कास्तान्ये यांनी पुन्हा विचारले, म्हणून पुन्हा सांगते. गावे. पण तेच युगुलगीत, आणि त्यातली वरच्या आवाजाची, म्हणजे तिची, ओळ तेवढी. खालची, म्हणजे माझी, ओळ कोणीही गायची नाही. थिबोला रिकामी जागा दिसली की त्याची बोटे शिवशिवतात. त्याने माझी ओळ ऑर्गनवर भरून काढली, तर कलम तीन रद्द. मिरेयने नेहमीप्रमाणे डावीकडे उभे राहावे आणि उजवा हात पुढे करावा. हात रिकामा राहील. मग चर्चला, पेपरवाल्यांना आणि मुख्य म्हणजे तिला ऐकू येईल, की ती एवढी वर्षे कशावर तरंगत होती.

गाणे झाल्यावर ती खुर्चीकडे परतेल, तेव्हा खुर्चीवर लाल कार्नेशनचा गुच्छ ठेवलेला असावा. वाफ्यातला, दुकानातला नव्हे. क्लोतिल्दने तो ठेवावा आणि कोणाकडून आला हे सांगू नये. मिरेयने विचारले तरी नाही. कार्नेशनचा हंगाम नसेल तर दफन उरकून घ्यावे, गाणे आणि माझ्या नावाची प्रार्थनासभा हंगामापर्यंत पुढे ढकलावी. मिरेयला ताटकळत ठेवायला मला आवडेल.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, म्हणून बेर्नादेत रुके हिला काही नाही. माझी मोठी कढई तिने तशीही चार वर्षांपूर्वी नेली आहे. यातले अक्षरही तिने गुरुवारी आपल्या कालवांच्या गाड्यावर बोलायचे नाही.

मेत्र कास्तान्ये यांनी हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. ते नको तिथे श्वास घेतात, पण मजकूर माझाच आहे. वाचून झाल्यावर त्यांनी एक शंका काढली, ती अशी: "आणि मादाम फाब्रेग तुमच्या आधी गेल्या तर?"

याचा मी विचार केला नव्हता. मग मी पुढील मजकूर जोडायला सांगितला.

मिरेय माझ्या आधी गेली, तर कलम पाच रद्द समजावे. फुले नकोत. मी उजवीकडे उभी राहीन आणि तिच्या शवपेटीपाशी खालची ओळ गाईन. दुसरे आहे कोण?

सही: हॉर्तांस पुजोल

साक्षीदार: बेर्नादेत रुके, कालवेविक्रेती, पास्काल दालमास, निवृत्त पोस्टमन

माझ्यासमोर: मेत्र कास्तान्ये, नोटरी

नार्बॉन, १४ मार्च २०१९