युलालीच्या वाईनपुढे मी आर्टिचोक वाढले

काल रविवारी सगळ्यांत आधी आली ती शेजारची युलाली, ल्यिऑं शहरातले वाईनचे व्यापारी तिच्या मागून. माझा नातू ओबॅं याची नवी रेड वाईन चाखायला ते आले होते. माझी ग्रनाश द्राक्षं आणि युलालीच्या वेलींच्या उरलेल्या एका ओळीतली कारिन्यां द्राक्षं, असं मिश्रण. गोडवा नावाला नाही. आधी काळी चेरी, मग मिरी, शेवटी जीभ जरा आवळते. मटणाबरोबर तर ती फुलतेच. व्यापारी खूश, मी त्याहून खूश. तेवढ्यात युलाली म्हणाली, "ही ओनोरीनची पुण्याई हो. माझी वाईन लोखंडासारखी लागायची. तेव्हाच्या पाहुण्यांनी थुंकून टाकली होती."

मी तिला आणखी मटण वाढलं. म्हणून आज हे मृत्युपत्र लिहायला बसले.

मी ओनोरीन कझाल, वय ८१, डोकं शाबूत, गुडघे नाहीत, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या हातानं लिहिते. शाळा तिसरीपर्यंतच, चुका नोटरीबाईंनी चालवून घ्याव्यात.

घर आणि तळघर ओबॅंला. मातीचं मोठं भांडंही त्यालाच; त्यात मेंढीचा खांदा, काळे ऑलिव्ह, रानातला थाइम घालून चार तास मंद आचेवर ठेवावं. वाईन तासभर आधी उघडावी. सॉसेज-पावटे चालतील, मेंढीच्या दुधाचं जुनं चीज चालेल. मासे नकोत.

आणि आर्टिचोकची भाजी तर नकोच. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, आर्टिचोकवर कुठलीही वाईन लोखंडासारखी लागते. १९८८ साली दोन व्यापारी माझ्याच घरी जेवले, दोघींच्या वाईन चाखायला. कापडाच्या धंद्यातून आलेले, नवखे. युलालीची बाटली उघडली तेव्हा मी व्हिनेगर घातलेले आर्टिचोक वाढले. माझी उघडली तेव्हा मटण. तिची वाईन माझ्या वाईनहून सरस होती, मला माहीत होतं. युलाली तेव्हा ताटांकडे पाठ करून चुलीपाशी मला पाव कापून देत होती. माझ्याच मदतीला आली होती हो.

पुढं तिनं सासऱ्यानं लावलेल्या कारिन्यांच्या वेली उपटल्या, जर्दाळू लावले. एकच ओळ ठेवली, सासऱ्याची आठवण म्हणून. एकतीस वर्षं ती आपल्याच हाताला दोष देते आहे आणि मी ऐकून घेते आहे.

म्हणून टेकडीवरचा ग्रनाशच्या वेलींचा तुकडा युलाली रुमेगासला. तिनं नाही म्हटलं तर तिच्या मुलीला. बाटलीवर आधी तिचं नाव, मग आमचं.

हा कागद मी मेल्यावर उघडायचा नाही. मेल्यावर तोंड लपवणं सोपं असतं. व्यापारी पुन्हा जेवायला येतील, तेव्हा पहिलं ताट वाढण्याआधी ओबॅंनं तो सगळ्यांसमोर वाचावा. मी तिथंच बसेन, युलालीच्या समोर.

स्वतःच्या हातानं लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत म्हणे. तरी घेतले, म्हणजे मला माघार घेता येणार नाही.

सही: ओनोरीन कझाल
साक्षीदार: मिरेय आस्त्रुक, टपालवाली (वाचून रडली)
फर्मॅं पुजोल, बेकरीवाला (म्हणाला, "आजी, हे शोभलं नाही तुम्हाला")

रोकसेश, सोमवार, १४ ऑक्टोबर २०१९.
पाहुणे परत येतो म्हणालेत: गुरुवार, १७ तारीख, दुपारी बारा.