ज्याला कुणी बोलावलं नाही

हौगांग, सिंगापूर
१८ जानेवारी

प्रिय सारंग्या,

मंगळवारी सकाळी स्टॉपवर बसची वाट बघत उभा होतो, तेव्हा तू पाठवलेला पत्राचा फोटो आला. आपल्या तन्वीला बंगळूरच्या फुटबॉल अकादमीनं बोलावलंय. तिथंच राहायचं, तिथंच शिकायचं आणि एकतीस जानेवारीच्या आत होय की नाही ते कळवायचं. मी भर रस्त्यात "नाद खुळा!" म्हणून असा ओरडलो की शेजारची चिनी आजी पिशवी सावरून दोन पावलं लांब सरकली. मग खालची तुझी ओळ वाचली. तन्वीला यातलं काही सांगितलेलं नाही, तू पण बोलू नकोस, बारावी होऊ दे, मग बघू. बस आली आणि गेली. मी तिथंच उभा. चार दिवस तुझे फोन उचलले नाहीत त्याचं कारण हेच. मी कामात आहे असं तुझ्या वहिनीनं, मेधानं तुला सांगितलं, ते माझ्या सांगण्यावरून. तिच्यावर चिडू नकोस.

तू गेली सहा वर्षं विचारतोयस, नंद्या, तू तिकडं नेमकं करतोस काय, आणि मी दरवेळी "कॉम्प्युटरचं काम" म्हणून उडवून लावतो. आज सांगतो. अमेरिकेत एक फुटबॉल आहे, आपला नव्हे. चेंडू अंड्यासारखा, तो हातात घेऊन पळायचं आणि बाकीच्यांनी अंगावर पडायचं. कबड्डीला चिलखत घातलं की झालं. शाळेतल्या ज्या पोरांचा खेळ चांगला, त्यांना कॉलेजं बोलावतात. फी माफ, राहणं-खाणं माफ, तू फक्त आमच्याकडून खेळ. त्याला ऑफर म्हणतात. कुणाला कुठल्या कॉलेजची ऑफर आली हे आम्ही इथल्या सेरंगूनच्या ऑफिसात बसून गोळा करतो आणि त्यावरून देशभरच्या पोरांचे नंबर लावतो. मोठ्या कॉलेजनं बोलावलं तर गुण जास्त, लहान कॉलेजनं बोलावलं तर कमी. पोरगा पळतो कसा, पडून उठतो कसा, यातलं आम्ही काही बघत नाही. क्षितिज मला इथल्या लकबीत चिडवतो, पप्पा, यू नेव्हर इव्हन वॉच द मॅच, लाह! खरंच आहे पोराचं. इथं सकाळ झाली की तिकडं संध्याकाळ असते. पोरं सरावाहून घरी येतात, ऑफर आल्याचं नेटवरच्या आपापल्या पानावर जाहीर करतात, आणि आम्ही कॉफीचे घोट घेत कुणाला वर चढवतो, कुणाला खाली उतरवतो.

या धंद्यात एक गोष्ट मी शिकलो, ती तुला मुद्दाम सांगतो. कॉलेजवालेसुद्धा आमचीच यादी बघून बोलावतात. एकानं बोलावलं की बाकीच्यांना वाटतं, आपण मागे राहिलो की काय. मग आठवड्यात दहा ऑफर येतात. पण शून्याचा एक व्हायला कधी कधी अख्खं वर्ष जातं. पहिलं बोलावणं म्हणजे सगळं असतं गड्या. ज्याला पहिलं मिळालं नाही तो वाईट खेळतो असं नाही, पण यादीत तो वाईटच दिसतो, आणि दोन-तीन वर्षांनी त्याला स्वतःलाही तसंच वाटायला लागतं.

तर नोव्हेंबरमधली गोष्ट. लुइझियानाच्या एका खेड्यातला पोरगा, नाव टायरेल. शेवटचं वर्ष, ऑफर शून्य. त्याची आई रोज मेल करायची. साधी बाई, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी. माझ्या मुलाचं काही आलं का, तुमच्याकडं आधी कळतं असं म्हणतात, एवढंच विचारायची. आणि एक दिवस एका छोट्या कॉलेजच्या प्रशिक्षकाचा मेल आला. या मुलाला आम्ही पंधरा दिवसांपूर्वीच शाळेच्या पत्त्यावर पत्र पाठवलंय, त्याचं उत्तर नाही, तुमच्या यादीतही दिसत नाही, काय प्रकार आहे? वाचल्या वाचल्या मला कळलं. त्या शाळेचे बाद फेरीचे सामने चालू होते. शाळेच्या प्रशिक्षकानं पत्र टेबलाच्या खणात टाकलं असणार. पोरगं हुरळून जायला नको, पाय जपत खेळायला नको, आधी आपला कप येऊ दे, मग देऊ. आमच्या ऑफिसातल्या कुणालाच हे सुचलं नसतं. मला एका क्षणात सुचलं.

आमचा नियम असा की पोरानं स्वतः जाहीर केल्याशिवाय ऑफर मोजायची नाही आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. नियम बरा असतो रे, त्याच्या मागं लपता येतं. त्या माउलीचा मेल माझ्यासमोर उघडा होता. एक ओळ लिहायची होती, बाई, शाळेत जाऊन पत्र मागा. मी लिहिलं, आपल्या मुलाच्या नावावर अद्याप कोणतीही ऑफर नोंदलेली नाही. पाच दिवस मी तसाच बसलो. सहाव्या दिवशी कॉलेजनं कळवलं, जागा भरली. त्यानंतर त्या बाईचा एकही मेल आला नाही. रोज सकाळी मी वाट बघतो. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

तेव्हापासून माझं काहीतरी बिनसलंय. ज्या पोराचा फोटो नसतो, त्याच्या नावापुढं आमच्या यादीत एक करडी आकृती असते. नुसतं डोकं आणि खांदे, चेहरा नाही. टायरेलच्या नावापुढं तीच आहे. ऑफिसात गेलो की आधी ते पान उघडतो, आणि त्या आकृतीला तुझा चेहरा येतो. हसू नकोस. मागच्या रविवारी मेधा आणि क्षितिजबरोबर पुलाउ उबीनला सायकली घेऊन गेलो होतो. होडीनं दहा मिनिटांवरचं बेट, जुनी लाकडी घरं, चांगलं लख्ख ऊन. एका बंद घरामागं गवताचा तुकडा होता आणि दोन बांबू रोवून केलेला गोल. गोलपाशी तू उभा होतास. एकोणीस वर्षांचा, दोन्ही गुडघे धड, माझ्याकडं बघत पास मागतोयस. मी सायकलवरून उतरलो आणि खाली बसलो. मेधाला सांगितलं, ऊन लागलं. तिनं पाण्याची बाटली डोक्यावर ओतली आणि चहा कमी पीत जा म्हणाली.

तुझ्यासारखा सेंटर फॉरवर्ड आपल्या पेठेनं पुन्हा बघितला नाही, हे मी तुझ्या तोंडावर कधी बोललो नाही. नव्व्याण्णवची ती फायनल. समोर पलीकडची पेठ, स्टेडियमवर मुंगी शिरायला जागा नाही, आणि तू पहिल्या वीस मिनिटांत दोन गोल टाकलेस. मग सत्तराव्या मिनिटाला तुझा गुडघा गेला. बाजूच्या रेषेवर उभ्या असलेल्या मला तो आवाज आला होता. कप आपण आणला. पेठेत गुलाल उधळला आणि तुला पोरांनी फळीवरून दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी पाय प्लॅस्टरमध्ये, आणि तू छताकडं बघत म्हणालास, नंद्या, एवढं खेळून कुणी विचारलं पण नाही रे. मी म्हणालो, विचारतील. त्यावर तू हसलास. ते हसणं मी सव्वीस वर्षं ऐकतोय. तुझ्या सायकलच्या दुकानात बसलो तरी, दिवाळीला फोनवर बोललो तरी. आणि प्रत्येक वेळी पोरांना तू तेच सांगतोस, मी पेठेत एक नंबर होतो, तरी एकानं बोलावलं नाही, म्हणजे माझ्यात नव्हतंच काही, उगाच पायाचं वाटोळं करून घेतलं. तन्वीला बूट घेऊन दिलेस, पण बूट घालताना तिनं हेच ऐकलं.

आता तुझा राग येईल अशी गोष्ट. तुझा शब्द मी मोडला. काल दुपारी ती क्लासहून बाहेर पडली असेल असा अंदाज घेऊन तिला फोन केला आणि अकादमीचं पत्र आल्याचं सांगून टाकलं. बाप तू आहेस, मला अधिकार नव्हता, सगळं कबूल. पण दुसऱ्याचं बोलावणं दाबून ठेवणाऱ्याच्या पंगतीला मी आता पुन्हा बसणार नाही. तिनं विचारलं, नंदूकाका, बाबांना कधी कुणी बोलावलं होतं का हो? खरं सांगा. तिनं बंगळूरचं काही विचारलं नाही, तुझं विचारलं. मी म्हणालो, याचं उत्तर मी आधी तुझ्या बाबांना देतो.

तुला बोलावलं होतं, सारंग. फायनलच्या आधीच्या मंगळवारी. मुंबईच्या एका कंपनीच्या संघाचं पत्र आपल्या पेठेच्या फुटबॉल मंडळाच्या पत्त्यावर आलं, आणि मंडळाचं टपाल मी फोडायचो. तुझं नाव, नोकरी, संघात जागा, पंधरा दिवसांत हजर व्हा. मी ठरवलं, रविवारी कप येऊ दे, सोमवारी गुलालात, सगळ्या पेठेसमोर तुझ्या हातात देऊ. निदान स्वतःला असं सांगितलं. खरं म्हणजे भ्यालो होतो. पत्र बघून तू पाय राखून खेळशील आणि कप जाईल, याला भ्यालो. दवाखान्यात तुझ्याशेजारी बसलो तेव्हा ते माझ्या शर्टाच्या खिशात होतं. घरी येऊन मी त्यांना कळवलं, खेळाडू जायबंदी आहे. वाटलं, संपलं. महिन्याभरानं त्यांचं उत्तर आलं. त्याला मुंबईला पाठवा, गुडघ्याचा इलाज आम्ही करू, पुढच्या मोसमापर्यंत त्याची जागा राखून ठेवतो. ते तुला दिलं असतं तर पहिलं का दाबलं तेही सांगावं लागलं असतं. म्हणून दिलं नाही. तुझा पाय त्या दिवशी गेला नव्हता रे, मी घालवला. माफी मागत नाही, तेवढं तोंड मला नाही. दोन्ही पत्रं या पाकिटात घातली आहेत, त्यांच्यावर तुझं नाव टाइप केलेलं आहे. तन्वी घरी असेल तेव्हा तिला जवळ बसव आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर तू स्वतः दे. सांग, होय, बोलावलं होतं, दोनदा.

तू अजून म्हणू देशील तर तुझाच,
नंदू