आठव्या क्लासची पिवळी फिल्म

तिगाव, मे १९८४

आदरणीय सुधाकरभाऊ यांस, गुणवंताचा उन्हातून नमस्कार.

इकडे आम्ही सर्व भाजून खुशाल आहोत. आपली, वहिनींची आणि भोपाळच्या हवेची प्रकृती कशी आहे ते कळवावं. आपली बहीण चंद्रकला ठणठणीत आहे, तिचा आवाजही.

आपलं पत्र पोचलं. कारखान्यात आपण प्लास्टिकची फिल्म भट्टीत तापवता, तिच्यावर विजेचा दाब चढवता आणि तिला भोक पडेपर्यंत बघत बसता, हे वाचून आनंद झाला. (चांगली वस्तू बिघडवायचा पगार मिळायला भाग्य लागतं. आमच्या ऑफिसात तेच काम करून वर बोलणी खावी लागतात.) नुसती उष्णता फिल्म सोसते, नुसता दाबही सोसते, दोन्ही एकदम आले की वीज आतून झिरपते, झिरपली की फिल्म आणखी तापते, तापली की आणखी झिरपते, आणि शेवटी फट्! हे कळायला आपल्याला प्रयोगशाळा लागली. मला लग्न पुरलं.

आता मूळ मुद्दा. संत्र्याच्या बागेची मोटर जळाली तेव्हा, नव्या वायंडिंगमध्ये तारा आणि लोखंड यांच्या मधे घालायला आपण फिल्म पाठवलीत. पाकीट उघडलं तर कडक चहासारखी पिवळी, जणू कुणीतरी वापरून टाकलेली, आणि वर लिहिलेलं 'एच क्लास'. मी बोटांवर मोजलं. एच आठवा आला! भाऊ, ठेकेदार ए क्लास असतो, शाळेत हुशार पोरं ए सेक्शनला असतात, आणि सख्ख्या बहिणीच्या घरी आठव्या क्लासचा माल? मी अपमान मुकाट्यानं गिळला (मुकाट्यानं नव्हे, असं आपल्या भगिनीचं म्हणणं) आणि फिल्म शेजारच्या नत्थूजीला देऊन टाकली, त्याचीही मोटर तेव्हाच जळाली होती. त्याच्या मोटरीची लायकी तेवढीच, असं मला वाटलं. माझी मोटर मी बसच्या टपावर टाकून थेट सौंसरला नेली, कारण तिथल्या रामाजीच्या दुकानावर पाटीच आहे, 'ए क्लास वायंडिंग'. त्याला बजावलं, ए क्लासच घाल. तो म्हणाला, "बाबूजी, तुमी म्हणान थेच घालतो, मले काय करा लागते?" इतका आज्ञाधारक कारागीर हल्ली मिळत नाही. त्यानं तपकिरी कागद घातला.

आणि आता आपण कळवता की या धंद्यात ए म्हणजे सर्वांत आधी हात टेकणारा, सहसा अक्षर जितकं मागचं तितकी उष्णता सोसण्याची ताकद जास्त, आणि एच म्हणजे बड्या घरचा! ही उलटी वर्णमाला पाकिटावर लिहायला शाई संपली होती काय? परवा दुपारभर व्होल्टेज इतकं कमी की मोटर कण्हत कण्हत तापली, मग लाइन एकदम पुऱ्या दाबानं आली, आणि तुमचा प्रयोग माझ्या विहिरीवर यशस्वी झाला. धूर पांढुर्ण्यापर्यंत दिसला असावा.

जानेवारीत फुललेल्या आंबिया बहाराची संत्री लिंबाएवढी झाली आहेत. पाणी तुटलं की गळतात. बागेत गेलो की पायाखाली येतात, आणि खरं सांगतो, जीव तुटतो. तिकडे नत्थूजीची मोटर त्याच उन्हात, त्याच लाइनीवर दिवसभर गाते आहे. बांधावरून तो विचारतो, "बाबूजी, थे फालतू फिल्म अजून हाय का जी?" मी ऐकू न आल्यासारखं करतो.

असो. आमचा राग नाही. लोभ आहेच, तो आपल्या बाजूनं वाढावा.

आपला ए क्लास जवाई,
गुणवंता

ता. क. एच क्लास फिल्म उलट टपाली पाठवावी. त्यापुढची आय किंवा झेड निघाली असेल तर तीच पाठवावी. पाकिटावर अक्षर लिहू नये. नत्थूजी दुसऱ्याचं टपाल निरखून पाहतो.

ता. क. दुसरा. दादा, मी चंद्रकला. पाकीट चिकटवाले माह्याजवळ देलं म्हणून लिहून राहिली. यायनं खरं लिहिलंच नाही. नत्थूजीभाऊ कालपासून त्यायच्या मोटरीचं पाणी आमच्या झाडायले सोडून राहिले, मागितल्याबिगर. गळती थांबली. फिल्म दोन मोटरीपुरती पाठव. हे ऑफिसले सुट्टी टाकून नत्थूजीभाऊच्या मोटरीवर छत्री धरून बसले हायेत.